पाचगणीची ‘हेक्टिक्स’ आणि आमची बारा मिनिटे

आमच्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तात नाट्यस्पर्धा आहेत, व्याख्यानमाला आहेत, आरतीच्या वेळेवरून रंगलेला एक दीर्घ वादही आहे. एका गोष्टीची नोंद मात्र त्यात नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच सभासदांच्या चार मुलांनी एक वाद्यवृंद काढला होता. शाळेच्या शेवटच्या वर्गांतील ही मुले ‘पंक’ या नावाचे संगीत वाजवीत. गणेशोत्सवात त्यांना बारा मिनिटे देण्यात आली आणि आठव्या मिनिटाला ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला. पुढल्या वर्षी मुले निरनिराळ्या महाविद्यालयांत पांगली, तेथेच वृंदही संपला. ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे सांगितले पाहिजे.

वास्तविक बंगळुरास असल्या संगीताचे नावीन्य नाही. १८०९ साली येथे लष्करी छावणी वसली, तेव्हापासून पाश्चात्त्य वाद्ये या गावाच्या कानांवर आहेत. १७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ हा इंग्लिश वृंद पॅलेस ग्राउंड्सवर आला, तेव्हा देशभरातून तरुण येथे लोटले होते. परंतु हे सारे परक्यांचे, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही, अशी आमची समजूत होती. ती ढळली पाचगणीच्या एका हकिगतीमुळे.

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. माथ्यावर मात्र सिल्व्हर ओकच्या रांगा, चर्च आणि निवासी शाळा असे निराळेच जग. त्यांतील सेंट पीटर्स शाळेत १९५५च्या सुमारास झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. त्याचे नाव फारोख बलसारा. वडील झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. मुलाचा कल पाहून शाळेने पालकांना कळविले आणि जादा शुल्क भरून त्याची पियानोची शिकवणी सुरू झाली. आकाशवाणीवर एकदा कानी पडलेले गाणे तो लगेच पियानोवर उतरवीत असे, अशी आठवण सोबत्यांनी पुढे सांगितली आहे.

१९५८च्या सुमारास पाच वर्गमित्रांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वृंद काढला. ब्रूस मरे गाई व गिटार वाजवी. डेरिक ब्रँच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर आणि फारोख पियानोवर. पाचवा फरांग इराणी. त्याचे वाद्य म्हणजे चहाचे लाकडी खोके, त्याला ठोकलेली काठी आणि ताणलेली एक दोरी. असली घरगुती वाद्ये त्या दिवसांत इंग्लंडातील पोरांतही लोकप्रिय होती, तीच कल्पना या मुलांनी उचलली. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या समारंभांतून वाजवीत आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतील श्रोतृवर्ग आनंदाने किंचाळे. घाटाखाली संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता, १ मे १९६० रोजी राज्यही झाले. माथ्यावर ही मुले आपल्या नादात होती. त्याबद्दल त्यांना दोष द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचे राष्ट्र म्हणजे त्याचे चार मित्र.

१९६२-६३च्या सुमारास फारोख झांझिबारला परतला आणि वृंद मोडला. १९६४च्या जानेवारीत तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडास गेले. १९७०मध्ये लंडनला ‘क्वीन’ हा वृंद स्थापन झाला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजेच आपला हा फारोख.

येथे पंक पुन्हा समोर येते. १ डिसेंबर १९७६ रोजी लंडनच्या दूरचित्रवाणीवरील ‘टुडे’ कार्यक्रमास ‘क्वीन’ येणार होते. ते येऊ शकले नाहीत म्हणून ‘सेक्स पिस्टल्स’ या नवख्या पोरांना बोलाविले गेले. त्यांनी थेट प्रक्षेपणात शिवीगाळ केली आणि दुसऱ्या दिवशी देशभर त्यांचे नाव झाले. तालमीत घोटलेले, भपकेबाज संगीत या पोरांना नको होते. तीन स्वरमेळ येत असले की उभे राहावे आणि मनातले ओरडून सांगावे, एवढेच त्यांचे शास्त्र. ‘क्वीन’ म्हणजे त्या भपक्याचे शिखरच. १९७७मध्ये दोन्ही वृंद लंडनच्या एकाच ध्वनिमुद्रणगृहात काम करीत असता सिड व्हिशसने मर्क्युरीला खोचकपणे डिवचले आणि मर्क्युरीनेही त्याच्या नावाची थट्टा करून त्याची बोळवण केली. चहाच्या खोक्याच्या तालावर ज्याने आरंभ केला, त्याच्याच अंगावर अशीच अर्धशिक्षित पोरे धावून जावीत, यातील गंमत त्या दोघांना कितपत उमगली असेल?

पाचगणीस जाणारे आज मर्क्युरीची शाळा पाहण्यास जातात. आमचे मन मात्र उरलेल्या चौघांकडे वळते. ब्रँच अभिनेता झाला. ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ या १९८५च्या चित्रपटात तो आहे. राणा नेपाळच्या सैन्यात चढत गेला आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती झाला. इराणीने पुण्यात उपाहारगृह चालविले. मरे इंग्लंडास गेला. एकाने कीर्ती मिळविली म्हणून ती चार वर्षे मोलाची ठरत नाहीत. पाचांपैकी कोणीही पुढे नावारूपास आला नसता, तरी त्या संध्याकाळी तितक्याच खऱ्या होत्या. शाळेने त्यांना पियानो दिला, रंगमंच दिला, आणि आमच्या माहितीप्रमाणे मध्येच कोणी थांबविले नाही.

‘हेक्टिक्स’ची छायाचित्रे आहेत, परंतु ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. आमच्या त्या चार मुलांचेही कोणापाशी आढळले नाही. या लेखासाठी मंडळाची जुनी दप्तरे चाळली, तेव्हा जमाखर्चाच्या वहीत त्या संध्याकाळच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्याची पावती तेवढी सापडली. भाडे पूर्ण दिलेले आहे.