भिक्खापात्र ते चहाचा कप : एका पात्राचा सामाजिक इतिहास

बौद्ध देशांची यात्रा करून परतणारे उपासक-उपासिका बुद्धमूर्तींबरोबर अलीकडे चहाची भांडीही घेऊन येतात. नांदेड आणि लातूर येथील काही घरांच्या काचकपाटांत श्रीलंकेचा कप, थायलंडची किटली, तिबेटी लाकडी वाटी अशा वस्तू मांडलेल्या दिसतात. आम्हीही गेली काही वर्षे अशी पात्रे जमवीत आलो आहोत आणि सकाळचा चहा त्यांतूनच घेतो. हा छंद वरकरणी साधा आहे. परंतु पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने हातातील पात्राकडे थोडे निरखून पाहिले, तर त्यात तीन इतिहास एकमेकांत गुंतलेले आढळतात : एक भिक्खुसंघाचा, दुसरा चहाचा आणि तिसरा आपल्या मराठवाड्यातील अस्पृश्यतेचा. हे तिन्ही इतिहास एकत्र वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पात्र आणि विनय

भिक्खूच्या मोजक्या परिष्कारांत चीवराच्या जोडीने पात्राला स्थान आहे. चुल्लवग्गात राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा येते. त्याने चंदनाच्या लाकडाचे पात्र करवून ते उंच बांबूवर टांगले आणि जो अर्हत ऋद्धिबलाने ते उतरवील त्याला ते देऊ केले. पिंडोल भारद्वाजांनी ते उतरविले. भगवंतांनी याबद्दल त्यांची कानउघाडणी केली, ते पात्र फोडून त्याची भुकटी करावयास लावली आणि लाकडी पात्राला मनाई केली. पुढे सोने, रुपे, मणी, स्फटिक, कासे, काच, तांबे यांची पात्रेही निषिद्ध ठरली. लोखंड आणि माती या दोनच वस्तूंच्या पात्रांना अनुज्ञा मिळाली. गरिबातल्या गरिबाच्या घरी असणारी ही द्रव्ये होत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पात्रांच्या संग्रहाविषयीही विनय मौन बाळगीत नाही. निस्सग्गिय पाचित्तियातील पत्तवग्गाचा पहिलाच नियम अतिरिक्त पात्रासंबंधी आहे. षड्वर्गीय भिक्खूंनी पात्रांचा मोठा साठा केला, तेव्हा हे श्रमण आता भांड्यांचे दुकान थाटणार की काय, अशी लोक कुजबुज करू लागले. त्यावरून अतिरिक्त पात्र बाळगू नये असा नियम झाला. पुढे आनंदांना एक जास्तीचे पात्र मिळाले. ते त्यांना सारिपुत्तांना द्यावयाचे होते. सारिपुत्त मात्र साकेतला होते आणि नऊ-दहा दिवसांनी परतणार होते. म्हणून दहा दिवसांची मुदत ठरली. पात्र ठेवावयाचे ते दुसऱ्याला देण्यासाठी, असा या सवलतीचा आशय आहे.

त्यापुढील नियम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. एका कुंभाराने भिक्खूंना पात्रे देण्याची तयारी दाखविली. भिक्खूंनी मात्र इतकी मागणी केली की त्याला विकावयाची भांडी घडविण्यास सवड उरेना आणि त्याच्या बायकामुलांचे हाल होऊ लागले. तेव्हा पाचपेक्षा कमी ठिकाणी सांधलेले पात्र असताना नवे मागू नये, असे ठरले. भांडे घडविणाऱ्याच्या पोटाचा विचार करून केलेला हा नियम आहे. त्यामुळे सांधलेले पात्र हे संघात संयमाचे चिन्ह ठरले. त्यात कमीपणा कधीच नव्हता.

पेयांबाबत महावग्गात केणिय जटिलाचा प्रसंग आहे. त्या निमित्ताने आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष इत्यादींच्या आठ पानांना अनुज्ञा दिली गेली; शिवाय शिजविलेल्या भाजीचा रस वगळून सर्व पानांचा रस चालेल असेही तेथे नमूद आहे. बुद्धकालीन मध्यदेशात चहा माहीत असल्याचा पुरावा नाही. तथापि पानांच्या रसाला विनयात आधीच जागा होती, हे विसरता येत नाही.

चहा आणि संघ

बोधिधर्माने निद्रेवर चिडून पापण्या कापून फेकल्या आणि त्यांतून चहाचे रोप उगवले, ही कथा आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. ती आख्यायिका होय, इतिहास नव्हे. बोधिधर्माचा काळ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला, तर चहाचा म्हणून सामान्यतः मानला जाणारा एक जुना चिनी उल्लेख इसवी सनपूर्व ५९ मधील आहे. तो उल्लेख कोठे सापडतो? वांग पाओ याने लिहिलेल्या गुलामाच्या करारनाम्यात. चहा विकत आणणे, उकळणे आणि भांडी सज्ज ठेवणे ही त्या गुलामाची कामे म्हणून नोंदली आहेत. चहाच्या लिखित इतिहासाच्या आरंभीच दुसऱ्याची भांडी घासणारा माणूस उभा आहे.

चहाला संस्कृतीचे रूप आले ते विहारांतून. 'चा चिंग' हा चहावरील पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा लू यू (७३३-८०४) हा एका बौद्ध विहारात वाढलेला पोरका मुलगा होता. बशीच्या उगमाची एक कथाही तांग काळातीलच आहे. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अधिकाऱ्याच्या मुलीने, कपाचा चटका बसू नये म्हणून, त्याच्याखाली तबकडी बसविली असे सांगतात. १९८७ मध्ये चीनमधील फामेन विहाराच्या स्तूपाखालील तळघर उघडले, तेव्हा तथागतांच्या अस्थिधातूंसमवेत इसवी सन ८७४ मध्ये बंद केलेली राजघराण्याची चहाची भांडी मिळाली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी आहेत आणि काचेचा कप व बशीही आहे. विनयाने भिक्खूंना जी द्रव्ये वर्ज्य केली तीच राजाने धातूंना अर्पण केली, हा विरोधाभास बोलका आहे.

याच्या उलट चाओ-चौ (७७८-८९७) या ध्यानाचार्यांची कथा पाहावी. विहारात प्रथमच आलेल्याला त्यांनी चहा घेण्यास सांगितले, पूर्वी येऊन गेलेल्यालाही तेच सांगितले. दोघांना एकच उत्तर का, असे विहाराच्या व्यवस्थापकाने विचारले, तेव्हा त्यालाही चहाच घेण्यास सांगितले. नवा, जुना आणि अधिकारी असा भेद त्या पेल्यापाशी उरला नाही.

जपानी भिक्खू एइसाई ११९१ मध्ये चीनहून परतले. १२११ मध्ये त्यांनी चहाच्या आरोग्यदायी गुणांवर ग्रंथ लिहिला. चीनच्या थिएन-मू पर्वतावरील विहारांतून भिक्खूंनी आणलेल्या काळ्या वाट्यांना जपानात त्या पर्वतावरूनच 'तेन्मोकू' हे नाव पडले. सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांनी चहाचा विधी साधेपणाकडे वळविला. त्यांच्या चहागृहाचे दार इतके ठेंगणे असे की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकून आत यावे लागे. दाट चहाची एकच वाटी सर्व पाहुण्यांत फिरते आणि प्रत्येकजण तिलाच ओठ लावतो. फुटलेली वाटी लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड लावण्याची कलाही तेथे रूढ झाली.

भारतातही चहाचा इतिहास केवळ इंग्रज मळेवाल्यांचा नाही. आसामच्या सिंगफो लोकांना चहाची झुडपे परिचित होती. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला त्यांची माहिती एका सिंगफो प्रमुखाकडूनच मिळाली. सिंगफो हे थेरवादी बौद्ध आहेत आणि बांबूच्या नळीत चहा भरून ठेवण्याची त्यांची पद्धत आजही टिकून आहे.

मराठवाड्यातील कप

आपल्या भागात चहा आला तो अलीकडे. निजाम राज्यातील गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली, तर बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्याच्या पैशातून पुढे देशात चहाचा प्रचार होऊ लागला. स्टेशन, गिरणी, मोंढा आणि गंजगोलाईसारखी बाजारपेठ यांच्या आश्रयाने चहाची हॉटेले वाढली आणि तेथून कपबशी खेड्यात गेली.

ती खेड्यात गेली आणि तिची दोन झाली. सवर्णांची कपबशी आत, फळीवर; आपल्या माणसांची बाहेर, कुडाच्या खोबणीत किंवा झाडाच्या बुंध्याशी. ती बहुधा कान तुटलेली, टवका उडालेली असे. ज्याने प्यावयाचे त्यानेच ती उचलावी, वरून ओतलेला चहा घ्यावा, विसळून जागेवर ठेवावी आणि पैसे मात्र पुरते मोजावेत. नांदेड-लातूर भागातील वडीलधाऱ्यांना विचारले तर हे वर्णन जवळपास याच शब्दांत ऐकावयास मिळते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनात गावच्या हॉटेलातील अशाच वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांकडे दाद मागितल्याचा प्रसंग आहे.

येथे एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. पाणवठ्यावरील बंदीला परंपरेचा आधार सांगितला जाई. चहाला कोणती परंपरा होती? कोणत्याही धर्मशास्त्रात चहा नाही आणि चिनी मातीचा कपही नाही. पेय नवे, भांडे नवे, दुकान नवे आणि व्यवहार रोखीचा. तरीही विटाळ तेथे येऊन बसला. यावरून जातिव्यवस्था ही केवळ जुन्या काळाची उरलेली सवय नसून, नव्या वस्तूलाही जुन्या चौकटीत बसविणारी जिवंत यंत्रणा आहे, हे सिद्ध होते. त्या चौकटीचे मूळही सापडते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांना अन्न फुटक्या भांड्यात द्यावे असे विधान आहे. हॉटेलमालकाने मनुस्मृती वाचलेली नव्हती. पण कान तुटलेला कप कोणासाठी राखावयाचा, हे त्याला बरोबर ठाऊक होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ का जाळला गेला, याचे उत्तर त्या कपात आहे.

बाबासाहेबांनी निजामाच्या राज्यातील हा विटाळ स्वतः अनुभवला होता. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले असता हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना जमावाने घेरले. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाबाबतचा भेद मोडून काढला आणि १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरविला आहे. एका कपासाठी देशाला कायद्यात शब्द घालावे लागले. तरीही १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच याच मराठवाड्यात वस्त्या जळाल्या आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. कायदा कपापर्यंत पोहोचला होता, मनापर्यंत पोहोचावयाचा होता.

फुटक्या भांड्याचे तीन अर्थ

आता तिन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहता येतात. विनयात सांधलेले पात्र संयम दर्शविते, जपानी विधीत सांधलेली वाटी आदर दर्शविते आणि मनूच्या व्यवस्थेत फुटके भांडे अपमान दर्शविते. भांडे तिन्हीकडे फुटकेच आहे. फरक आहे तो निवडीचा. भिक्खूने ते स्वेच्छेने स्वीकारले; आपल्या वाडवडिलांवर ते लादले गेले. साधेपणाची थोरवी सांगताना हा भेद पुसला जाता कामा नये.

त्याचप्रमाणे जपानचे चित्रही अतिरंजित करू नये. रिक्यूंची एक वाटी सर्व पाहुण्यांत फिरली, परंतु कातडे कमावणारे व जनावरे सोलणारे जपानी बहिष्कृत त्या पाहुण्यांत नव्हते. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा दर्जा कायद्याने बदलला. तरीही १९२२ मध्ये त्यांना 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारावी लागली. सौंदर्यदृष्टी म्हणजे समता नव्हे. समतेसाठी लढावे लागते, मग देश बौद्ध असो वा नसो.

सुत्तनिपातातील बावरी गोदावरीच्या तीरावर, अस्सकांच्या प्रदेशात राहत होता आणि त्याचे सोळा शिष्य येथूनच प्रश्न घेऊन तथागतांकडे गेले. त्याच्या नावाने नांदेड जिल्ह्यात दाभड येथे बावरीनगरचे महाविहार उभे आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरच्या विश्वशांती बुद्धविहाराचे उद्‌घाटन ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. अशा विहारांत देशोदेशींच्या वस्तू येत राहतील आणि त्या याव्यात. आमची सूचना एवढीच की, त्यांच्या शेजारी एक कान तुटलेला कपही ठेवावा. तो कोणत्या गावचा, कोणत्या हॉटेलचा, कोणाच्या हातचा, हे त्या घरातील वृद्धांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याबरोबर ही माहिती गेली, तर पुढच्या पिढीला भेदाचा पुरावा मागितला जाईल आणि तो दाखविता येणार नाही.

राहिला रोजचा चहा. आनंदांनी जास्तीचे पात्र ठेवले ते सारिपुत्तांसाठी. आपल्या कपाटातील पात्रांनाही तोच न्याय लावावा. श्रीलंकेचा असो वा जपानचा, जो कप पाहुण्याच्या, मोलकरणीच्या आणि सफाई कामगाराच्या हाती जात नाही, तो पुन्हा वेगळा ठेवलेला कपच होय. सर्वांच्या हाती जाईल तेवढाच संग्रह आपण बाळगावा.