कांस्यपदकाचे मोल : खाशाबा जाधव आणि हेलसिंकीची आठवण

१/ क्रीडास्मृतींच्या बाजारात वस्तूची किंमत तिच्या कापडावर वा धातूवर ठरत नाही. बेसबॉलपटू बेब रूथ याने १९३२ च्या ‘वर्ल्ड सीरिज’मध्ये घातलेली जर्सी २०२४ मध्ये अमेरिकेत २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. महाराष्ट्रातही एका पदकावर लिलावाची वेळ आली होती. पण त्यामागचे कारण अगदी निराळे होते.

२/ ते पदक खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळील गोळेश्वर. वडील स्वतः पैलवान. त्यामुळे कुस्तीचे धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले.

३/ १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत घडलेल्या या मल्लाला तेथे गादीवर, अपरिचित नियमांनी लढावे लागले. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

४/ १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पुन्हा पैशांची चणचण भासली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

५/ हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी नमवले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्यासमोर उभे राहावे लागले, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

६/ स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसच्या कांस्यपदकापर्यंत, ४४ वर्षे थांबावे लागले. कराडला बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांचे स्वागत झाले. पुढे त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यांच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे कर्ज फेडले.

७/ १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००१ मध्ये.

८/ पदकावर विजयदेवतेची आकृती आहे. इटालियन शिल्पकार कॅसिओली याची ही रचना १९२८ ते १९६८ या काळातील उन्हाळी ऑलिम्पिक पदकांवर वापरली गेली. जेसी ओवेन्सच्या १९३६ च्या सुवर्णपदकांवरही हीच देवता होती. त्यांपैकी एक पदक २०१३ मध्ये १४ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

९/ खाशाबांच्या नावाने गोळेश्वरला कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा २००९ मध्ये झाली होती. वर्षे उलटली, निधीची आश्वासने मिळाली. अकादमी मात्र उभी राहिली नाही. अखेर २०१७ मध्ये कुटुंबीयांनी जाहीर केले, की पदकाचा लिलाव करून त्या पैशांतून अकादमी बांधू. ही बातमी देशभर गाजली आणि पुन्हा आश्वासने मिळाली. पदक विकले गेले नाही.

१०/ अशा वस्तू सहसा संग्राहकाच्या कपाटासाठी विकल्या जातात. येथे मात्र हेतू आखाड्याचा होता. १९५२ मध्ये एका प्राचार्याने एका पैलवानासाठी घर गहाण टाकले. ६५ वर्षांनी त्याच पैलवानाचे घर पुढच्या पैलवानांसाठी आपला सर्वात मोठा ठेवा विकायला निघाले. दोन्ही वेळा जो भार समाजाने आणि शासनाने उचलायचा, तो एकेका घराने उचलला. या पदकाचा इतिहास सांगताना विजयाइतकीच ही बाजूही सांगितली पाहिजे.