‘व्यायाम करता का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

मंडळी, आज पिंगळीत बोलायचं म्हणून आम्ही विषयही इथल्या शिवारातूनच उचलला आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला कुणी विचारलं, ‘मावशी, व्यायाम करता का?’ तर ती हसेल. म्हणेल, ‘कशाचा व्यायाम बाबा!’ विचारणारा ‘नाही’ या चौकटीत खूण करील, आणि कागदावर ती बाई बैठी ठरेल.

हा प्रश्न आला कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर जिन्याने वरखाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी, असं 1953 साली प्रसिद्ध झालं. इथे हालचाल मोजली कशी? तर हुद्द्यावरून! पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर नोकरीला लागतानाच जास्त असल्याचं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येईना. स्वतःचा निष्कर्ष स्वतःच तपासायचा, हा त्यांचा मोठेपणा.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावी 1948 साली 5,209 माणसांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. तिथे हालचालीसाठी चोवीस तासांचा हिशेब मांडला गेला. झोपेच्या तासाला 1 गुण, बसण्याला 1.1, हलक्या कामाला 1.5, मध्यमला 2.4 आणि जड कामाला 5. दिवसभर नुसतं झोपून राहिलेल्याचेही 24 गुण होतात. आम्हाला ही पद्धत आवडते, कारण तिने घाम कशासाठी गाळला हे विचारलं नाही. पण पुढे पॅफेनबर्गर यांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवली. जिने किती चढता, चालता किती, खेळता काय, असे प्रश्न. त्या मंडळींचं काम खुर्चीतलं, तेव्हा त्यांच्यापुरते ते बरोबरच होते. ‘हालचाल म्हणजे फावल्या वेळातली हालचाल’ ही समजूत मात्र अशा प्रश्नांतूनच बळावली.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यात श्रमाचीही मोजणी झाली. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गावात गटचर्चा केल्या, तिथली कामं कोणती ते समजून घेतलं आणि मग प्रश्नावली बनवली. पाणी आणणं, धुणं, शेतातली कामं, सगळं तिच्यात आलं. उत्तरं खरी का, हे पाहायला निरीक्षकाने शेजारी राहून रोजनिशी लिहिली. अशी 797 स्त्रियांची विचारपूस गरोदरपणाच्या साधारण अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली.

2003 साली निष्कर्ष छापून आला. ज्या आयांचे श्रम जास्त, त्यांच्या बाळांचं वजन सरासरीने कमी, डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी. लंडनमध्ये जी हालचाल हृदयाची राखण करताना दिसली, तीच इथे बाळाच्या वाढीच्या आड येताना दिसली. ‘हालचाल चांगली’ हे वाक्य अपुरं आहे. कुणाची, किती, कशाच्या बदल्यात आणि पोटात काय असताना, हे विचारायला हवं. ती बाळं आज तिशीच्या आसपास आहेत आणि त्यांचा पाठपुरावा अभ्यासकांनी पुढेही केला.

इथेच दीर्घकालीन अभ्यासाची खरी अडचण येते. तीस वर्षांनी तुलना करायची तर प्रश्न तोच ठेवावा लागतो, पण मधल्या काळात जगणं बदलतं. जात्याच्या जागी गिरणी आली, हंड्याच्या जागी नळ, खुरप्याच्या जागी तणनाशक, पायवाटेच्या जागी मोटारसायकल. पूर्वी सासूने ‘व्यायाम नाही’ म्हटलं, आज सूनही ‘नाही’ म्हणते. कागदावर दोघी सारख्या! मधल्या काळात अंगातून केवढे श्रम निघून गेले, ते त्या एका ‘नाही’मागे दडून बसतं. मग मधुमेह गावात कुठून शिरला, याचं उत्तर कसं सापडणार?

कुणी म्हणेल, आता कमरेला यंत्र लावा, पावलं मोजली जातील. जरूर लावा. यंत्राला विसर पडत नाही, संकोच नसतो. पण उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईची कमर फारशी हलत नाही, आणि डोक्यावरच्या भाऱ्याचं वजन यंत्राला कळत नाही. यंत्रसुद्धा काय मोजायचं ते आधी ठरवूनच आलेलं असतं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं; औषध सांगणं आमचं काम नाही. पण जुना प्रश्न टाकू नये, नवा त्याच्या शेजारी ठेवावा, काही वर्षं दोन्ही विचारावेत आणि दोन्हींचा मेळ घालावा, एवढं तर्काने सांगता येतं. उद्या तुमच्या दारात कुणी वही घेऊन आलं आणि व्यायामाचं विचारलं, तर नुसतं ‘नाही’ म्हणू नका. म्हणावं, ‘बसा, पहाटे उठल्यापासून काय काय करते ते सांगते, तेवढं लिहून घ्या.’