कुठल्या सर्व्हरला जोडायचं? न सांगितलेल्या पत्त्याची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. विषय दिसायला छोटा आहे. काळ्या पडद्यावर आपण नुसतं 'पीएसक्यूएल' टाइप करतो, एंटर मारतो आणि डेटाबेस उघडतो. पण कुठल्या मशीनवरचा? आपण तर काहीच सांगितलेलं नसतं!

सुरुवात आपल्या खानदेशातूनच करतो. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. खानदेशचा कलेक्टर म्हटलं की धुळ्याची कचेरी, वेगळं गाव सांगायची गरज नव्हती. 1906 मध्ये जिल्ह्याची विभागणी झाली: पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशचं धुळे. आता नुसतं 'खानदेश' म्हणून भागेना. शब्द तोच राहिला, पण त्याच्यामागे कचेऱ्या दोन झाल्या. डेटाबेसच्या दुनियेतही असंच झालं.

1970 च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर, यूजीन वाँग आणि त्यांचे विद्यार्थी 'इंग्रेस' नावाचा डेटाबेस बांधत होते. पीडीपी-11 मशीनवर एका प्रोसेसला मिळणारी जागा होती 64 किलोबाइटच्या घरात. एवढ्यात सगळा प्रोग्राम मावेना. मग त्यांनी त्याचे तुकडे केले आणि ते युनिक्सच्या पाइपांनी जोडले. माणसाशी बोलणारा तुकडा वेगळा, माहिती शोधणारे तुकडे वेगळे. म्हणजे बघा, क्लायंट आणि सर्व्हर अशी फारकत इथे जागेच्या टंचाईतून झाली. दोघं एकाच मशीनवर राहायचे, त्यामुळे "कुठे जायचं?" हा प्रश्नच नव्हता.

1980 च्या दशकात नेटवर्क आलं आणि तो प्रश्न उभा राहिला. आपल्या अहिराणीत विचारतात ना, "कथा चालना भाऊ?" तसा. ओरॅकलने उत्तर 'टू-टास्क' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलं. वापरणाऱ्याचा प्रोग्राम हे एक काम, सर्व्हर हे दुसरं, म्हणून ते नाव. सायबेसने 'इंटरफेसेस' नावाची फाइल दिली, गावाचं नाव आणि पुढे त्याचा पत्ता अशी. 1995 च्या सुमारास पोस्टग्रेस-95 बरोबर 'पीएसक्यूएल' आलं. त्याच्यासाठी 'पीजीहोस्ट' हे व्हेरिएबल आहे, आणि आज्ञेतच '-एच' लावून पत्ता देता येतो. आज्ञेत लिहिलेलं सगळ्यात वरचढ, मग व्हेरिएबल, आणि दोन्ही नसेल तर जुना नियम: युनिक्सवर याच मशीनवरचं सॉकेट. एकाच मशीनच्या काळातली ती सवय अजून जिवंत आहे.

मायएसक्यूएलची तऱ्हा आणखी मजेशीर. युनिक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिलं की तो सॉकेट फाइलमधून जातो, आणि 127.0.0.1 लिहिलं की नेटवर्कच्या वाटेने. त्यामुळे एकाच मशीनवर दोन सर्व्हर चालत असतील, तर हे दोन पत्ते दोन वेगळ्या घरी पोचवू शकतात.

आता यात एवढं बिघडतं काय? 31 जानेवारी 2017 ची रात्र. गिटलॅबच्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचं डेटा फोल्डर काढायचं होतं. आज्ञा बरोबर होती, पण चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे 300 गिगाबाइटमधले जेमतेम साडेचार उरले होते. नेहमीचे बॅकअप कामाला आले नाहीत. सहा तास आधी सहज घेतलेल्या एका प्रतीवरून गाडी रुळावर आली. मधल्या तासांतलं काम गेलं ते गेलंच. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर केलं, आणि सुधारणांच्या यादीत एक साधी गोष्ट होती: आपण कुठल्या मशीनवर आहोत हे प्रॉम्प्टमध्ये ठळक दिसावं.

जळगावात बसून मुंबईचा सर्व्हर चालवणं आज रोजचं झालंय. केळीच्या व्यापाऱ्याच्या खऱ्या हिशेबाची खिडकी आणि सरावाच्या प्रतीची खिडकी, दोन्ही दिसायला सारख्याच. म्हणून माझं सांगणं एवढंच: पुसण्याची आज्ञा देण्याआधी विचारून घ्या. पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि 'कॉनइन्फो' लिहिलं की जोडणी कुठे आहे ते कळतं. मायएसक्यूएलमध्ये 'होस्टनेम' हे सिस्टिम व्हेरिएबल विचारलं की सर्व्हर स्वतःच्या तोंडाने आपल्या मशीनचं नाव सांगतो. आणि स्क्रिप्ट लिहिताना पत्ता गृहीत धरू नका, लिहूनच टाका. आपण गप्प बसलो तर आपल्या वतीने एखादी जुनी फाइल नाहीतर कुणीतरी कधीकाळी ठेवलेलं व्हेरिएबल उत्तर देतं, आणि ते खानदेशाच्या जुन्या नकाशावरचं असू शकतं.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात.