दारू एकदम सोडताय? पहिले तीन-चार दिवस जिवाला जपा

फर्दापूर (ता. सोयगाव) : आषाढी जवळ आली की गावोगावी माळ घालणारे निघतात. माळ घातली की दारू बंद, तीही त्याच दिवसापासून. निश्चय चांगलाच. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एका झटक्यात तोडली तर पहिले तीन-चार दिवस जिवावर बेतू शकतात. हे घरच्यांना बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

दारू मेंदूला गुंगी आणते. रोजच्या गुंगीला तोंड द्यायला मेंदू आपलं काम जोरात चालू ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, जोर मात्र तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 8 तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. 12 ते 48 तासांत काहींना फिट येते. सगळ्यात अवघड दुसरा ते चौथा दिवस. माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी तो बोलतो, ताप चढतो. डॉक्टर याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. सगळ्यांचंच असं होत नाही. पण सकाळी उठल्या उठल्या ज्याला लागते त्याला धोका जास्त, आणि आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल तर फारच.

भास सुरू झाले की घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. मग अंगारे-उतारे यातच रात्र निघून जाते. फर्दापूरहून घाटी रुग्णालय सुमारे 100 किलोमीटर, मधे अजिंठ्याचा घाट. जळगाव त्यामानाने जवळ. म्हणून फिटची वाट न पाहता दारू सोडायच्या आधीच डॉक्टरला भेटलेलं बरं. ते काही दिवस गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. अंगात त्राण नाही म्हणून गावात नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घेतात, ते चुकीचं. बी-1 न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा रोज किती पितो, ते डॉक्टरपासून लपवू नका.

फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी, चमचा, कांदा काही घालू नका, 108 ला फोन करा.

'नकळत दारू सोडवा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांचं तर विचारूच नका. त्यात काय आहे ते कळायला मार्ग नाही. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी खरोखर आहे, पण ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. भाजीत गुपचूप घातली आणि तो वरून प्यायला, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन 14446, मानसिक आजारासाठी टेली-मानस 14416. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे. पिणाऱ्याने नाही केला तरी फोन बायको, आई, भाऊ कोणीही करू शकतं.