गर्भस्रावाचा दोष कोणाच्या माथीं ?



मराठवाड्याच्या जुन्या पिढींत धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा अशीं नांवें सर्रास आढळत. परभणी जिल्ह्यांतील गोदाकांठच्या एखाद्या गांवीं अजूनहि कोणी धोंडिबा आजोबा भेटतील. ज्या घरांत मुलें जगत नसत, त्या घरांत मागाहून झालेल्या मुलास असें हलकें नांव ठेवीत. तें ऐकून मृत्यूनेंहि तिकडे पाहूं नये, एवढाच त्यांतील भाबडा हेतु. इतिहासकारानें अशीं नांवें साधन म्हणून वापरावीं इतकीं तीं बोलकीं आहेत. परंतु त्यांत नोंद आहे ती जगलेल्या मुलाची. त्याच्या आधीं तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत जें गेलें, त्याला ना बारसें ना तेरावें. तें एका आईच्या स्मरणांत तेवढें राहिलें, आणि तें गेल्याचा दोषहि बहुधा तिच्याच माथीं राहिला. हा दोष तेथून कसकसा हलत गेला, हें आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

आपले प्राचीन वैद्य ह्या विषयांत अडाणी नव्हते. चौथ्या महिन्यापर्यंत होतो तो गर्भस्राव, आणि पांचव्या-सहाव्या महिन्यांत होतो तो गर्भपात, असा भेद सुश्रुतानें केला आहे. कृमि, वारा किंवा आघात यांच्या योगानें कच्चें फळ जसें अकालीं झाडावरून गळतें तसा गर्भ गळतो, हा त्याचाच दृष्टान्त. त्यांत झाडाला कोणी दूषण देत नाहीं, ही गोष्ट मला विशेष वाटते. चरक व सुश्रुत या दोघांनींहि ‘पुत्रघ्नी’ नांवाची एक व्याधि वर्णिली आहे. तींत राहिलेला प्रत्येक गर्भ पुनःपुन्हा नष्ट होतो. म्हणजे गर्भ एकदां जाणें निराळें व वारंवार जाणें निराळें, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

परंतु त्याच परंपरेंतील काश्यपसंहितेंत रेवतीकल्प म्हणून एक प्रकरण आहे. तेथें गर्भ आणि अर्भकें हरण करणारी जातहारिणी भेटते, आणि ती घरांत शिरते ती स्त्रीच्या अधर्माचरणाच्या वाटेनें. मनुस्मृतीनें तर मुदतच घालून दिली: वंध्या असेल तर आठव्या वर्षीं, अपत्यें मरत असतील तर दहाव्या वर्षीं सवत आणावी. निदान आणि दूषण हीं दोन्ही अशा रीतीनें एकाच घरांत नांदत होतीं. मुंबई प्रांतानें १९४६ सालीं हिंदूंमधील द्विभार्याविवाहास बंदी घातली. पण परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती, म्हणून येथल्या सुनेला त्या कायद्याचा आधार नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मोकळें झालें, आणि पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें सवतीची ती मुदत कायद्यापुरती संपविली. ‘कायद्यापुरती’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतों.

मध्यंतरीं परदेशांतील प्रयोगशाळांत एक निराळाच प्रकार घडत होता. १९०६ सालीं जर्मनींत वासरमान व त्याचे सहकारी यांनीं उपदंशाची रक्तपरीक्षा शोधून काढली. आईच्या रक्तांतून हा रोग गर्भास पोंचला म्हणजे गर्भ पोटांतच दगावतो, किंवा मूल मृत जन्मतें. आतां हा रोग घरांत येई तो बहुधा नवऱ्याच्या पावलानें. त्यामुळें बायकोस औषध द्यावयाचें तर नवऱ्याचेंहि रक्त तपासणें भाग पडलें. इतके दिवस एकट्या स्त्रीवर चाललेल्या ह्या खटल्यांत पुरुषाला साक्षीस उभें करण्याचें काम कोण्या सुधारकाच्या व्याख्यानानें जितकें झालें नसेल, तितकें त्या कांचेच्या नळीनें केलें असें मला वाटतें.

त्याच नळींतून पुढें आणखी एक गोष्ट बाहेर आली. कांहीं स्त्रियांना उपदंश नसतांहि परीक्षा ‘आहे’ असें सांगे. ह्या स्त्रियांच्या रक्तांत एक विचित्र दोष आढळूं लागला: नळींत तें रक्त गोठावयास उशीर लागे, आणि शरीरांत मात्र त्याच्या गुठळ्या होत. वारेच्या रक्तवाहिन्यांतून अशा गुठळ्या होऊन गर्भाचें पोषण तुटतें. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनीं १९८३ सालीं ह्या व्याधीचें चित्र स्पष्ट केलें. तिला आज अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. तिच्यावर उपायहि सांपडला. लंडनमध्येंच अशा ९० स्त्रियांवर झालेल्या व १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकीं १९ जणींना जिवंत मूल झालें. ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिनचीं इंजेक्शनें घेणाऱ्या ४५ जणींपैकीं ३२ जणींना झालें. शोधावयास गेले एक आणि सांपडलें दुसरें, असा हा प्रकार आहे.

परंतु सगळीच कथा अशी सुखाची नाहीं. १९३८ सालीं इंग्लंडांत चार्ल्स डॉड्स यांनीं डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नांवाचें कृत्रिम संप्रेरक तयार केलें. तें घेतल्यानें गर्भ टिकतो असें बोस्टनच्या स्मिथ दांपत्यानें १९४८ च्या सुमारास मांडलें, आणि अमेरिकेंत लाखों गर्भवतींना त्या गोळ्या देण्यांत आल्या. १९५३ सालीं शिकागोंत सुमारें सोळाशें स्त्रियांवर रीतसर प्रयोग झाला; निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसावयास तशीच पण औषध नसलेली गोळी. फरक कांहींच पडला नाहीं. तरीहि डॉक्टर गोळ्या देत राहिले आणि स्त्रिया घेत राहिल्या. कारण दोनतीनदां गर्भ गेलेल्या स्त्रीला ‘कांहीं करूं नका’ असें सांगणें डॉक्टरालाहि जड जातें आणि ऐकणें तिलाहि. १९७१ सालीं उघडकीस आलें कीं, ज्या मातांनीं त्या गोळ्या घेतल्या त्यांच्या पोटच्या कांहीं मुलींना ऐन तारुण्यांत योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होत आहे. जें औषध गर्भ वांचवीत नव्हतें, तें वांचलेल्या मुलीला मात्र बाधलें. ‘करून तर पाहूं’ असें ज्याला वाटतें त्यानें हा इतिहास जवळ ठेवावा.

मनुष्याचीं गुणसूत्रें ४६ आहेत हें नक्की ठरलें तेंच मुळीं १९५६ सालीं. त्यानंतर गळून गेलेल्या गर्भाची तपासणी होऊं लागली, आणि आरंभींच्या महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकीं जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष निघाला. बहुधा हा दोष तेवढ्या खेपेपुरताच असतो. जड हंडा उचलला, पाय घसरला, कोणाची दृष्ट लागली, ह्यांपैकीं कशाचाहि त्याच्याशीं संबंध नाहीं. ज्या जोडप्यांचे गर्भ वारंवार जातात अशा शंभरांत तीन-चार जोडप्यांत मात्र पति किंवा पत्नी यांपैकीं एकाच्या गुणसूत्रांची मांडणी बदललेली आढळते. ती पतीचीहि असूं शकते, आणि त्यांतल्याहि बहुतेकांना पुढें निरोगी मूल होतें.

आतां परभणीकडे वळूं. मुंबईस परळमध्यें नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालीं निघालें. तेथून जवळच १९५७ सालीं सुरू झालेलें रक्तगट-केंद्र आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी ह्या नांवानें चालतें, आणि वारंवार गर्भ जाणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास तेथें झाला आहे. पण परभणीहून मुंबई म्हणजे आगगाडींतली एक रात्र. मराठवाड्यांत तेव्हांच्या औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय आलें १९५६ सालीं, नांदेडला १९८८ सालीं, आणि खुद्द परभणीला २०२३ सालीं. आज थायरॉइड, मधुमेह व सोनोग्राफी ह्या तपासण्या जिल्ह्यांतच होतात, आणि गुणसूत्रांसाठीं रक्त मोठ्या शहरीं धाडतां येतें.

म्हणून जोडप्यापुढचा खरा प्रश्न आतां असा कीं, कोणती तपासणी करावी आणि केव्हां. पूर्वीं तीन गर्भ गेल्यावांचून तपासणीचें नांव काढीत नसत. युरोपांतील तज्ज्ञांनीं २०१७ सालीं ती संख्या दोनवर आणली. आमच्याकडे कायद्यानेंहि ती ओळखली आहे. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगाविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं कायदा केला व केंद्रानें १९९४ सालीं. केंद्राच्या कायद्यांत गर्भाच्या तपासणीस जीं थोडीं कारणें मान्य आहेत त्यांत ‘दोन किंवा अधिक वेळां आपोआप गर्भपात’ हें एक आहे. लिंग सांगावयाचें मात्र कोणालाहि नाहीं.

मोंढ्यावर कापूस घालून हातीं आलेले पैसे तपासण्यांच्या लांबलचक यादींत घालण्यापूर्वीं डॉक्टरांस एवढें अवश्य विचारावें: ही चाचणी अशी आली तर आपण काय करणार, आणि तशी आली तर काय? दोन्हींचें उत्तर एकच असेल तर ती तूर्त राहूं द्यावी. गुठळ्यांच्या व्याधीची चाचणी एकदां ‘आहे’ आली म्हणून भागत नाहीं. ती किमान बारा आठवड्यांनीं पुन्हा करावी लागते. आणि रक्त देण्यास दोघांनींहि जावें, हें सांगणें न लगे. पण सांगावें लागतें खरें.

पुष्कळदां सारें तपासूनहि कारण सांपडत नाहीं. ओस्लो येथें अशाच स्त्रियांचा एक अभ्यास १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना गर्भारपणांत वरचेवर भेट, धीर आणि विसांवा मिळाला त्यांच्यांत शंभरीं ८६ जणींचे गर्भ टिकले. ज्यांना तसें कांहीं मिळालें नाहीं त्यांच्यांत शंभरीं ३३ जणींचे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, तेव्हां ह्या आंकड्यांवर पुरता भार टाकूं नये. लिव्हरपूलचा १९९९ चा आंकडा अधिक साधा आहे: कारण न सांपडलेल्या स्त्रियांना पुन्हा दिवस गेले, तेव्हां शंभरांत सुमारें पंचाहत्तर जणींचा गर्भ टिकला. तपासणीच्या कागदावर कांहींच निघालें नाहीं म्हणून खिन्न होऊन गंगाखेडच्या नाहीं तर जिंतूरच्या बसमध्यें बसणाऱ्या जोडप्याला हा आंकडा सहसा कोणी सांगत नाहीं.