सहा महिन्यांत पडलात का?

पेशंटचं वय ७२. केमोचा डोस पूर्ण द्यायचा की कमी? बरीच वर्षं हे अंदाजानेच ठरायचं. का, ते डेटात दिसतं.

१९९९ साली अमेरिकेत हचिन्स आणि सहकाऱ्यांनी साउथवेस्ट ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या चाचण्यांचा हिशोब मांडला. देशातल्या कॅन्सर पेशंटांपैकी ६३ टक्के लोक ६५ किंवा त्याहून मोठे. चाचण्यांत मात्र ते २५ टक्केच. म्हणजे औषध तपासलं जास्त करून कमी वयाच्यांवर, दिलं वयस्करांना.

वृद्धांना नीट तपासायची रीत मात्र जुनी. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात १९३५ पासून डॉ. मार्जरी वॉरेन यांनी अंथरुणाला खिळलेल्यांना एकेक करून तपासलं आणि अनेकांना पुन्हा चालतं केलं.

कॅन्सरमध्ये ही रीत रुजायला वेळ लागला. २०११ मध्ये आरती हुरिया यांच्या गटाने ५०० वयस्कर पेशंटांचा अभ्यास छापला. प्रश्न साधे: सहा महिन्यांत पडलात का? ऐकू नीट येतं का? गोळ्या घ्यायला मदत लागते का? ही उत्तरं, वय, रक्ततपासण्या आणि उपचाराची माहिती जोडून केमोचा गंभीर त्रास कुणाला होईल याचा अंदाज आला. डॉक्टर शंभरपैकी देतात त्या कार्नॉफ्स्की गुणांवरून तो आला नव्हता.

२०२१ मध्ये मोहिले यांच्या चाचणीत अशा तपासणीचे निष्कर्ष आणि सल्ला एका गटाच्या डॉक्टरांना मिळाला. त्या गटात गंभीर त्रास ५१ टक्के, दुसऱ्यात ७१. सहा महिन्यांच्या जगण्यात मात्र लक्षणीय फरक नाही.

तेव्हा प्रपोजलमध्ये वयाची अट टाकण्याआधी एकदा विचारा: आपण कुणाला वगळतोय?